चंदी ज्याची त्याने घालावी

मराठी शिकवणाऱ्या माणसाकडे समाज कोणकोणती कामे घेऊन येतो, याची एक यादी कधीतरी करायला हवी. लग्नपत्रिकेचा मायना, सेवानिवृत्तीचे मानपत्र, श्रद्धांजलीच्या फलकावरच्या चार ओळी, भावकीतल्या वाटणीचा मसुदा. वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत हे सारे आम्ही लिहून दिले आहे आणि ते विसरूनही गेलो आहोत. एकच लेखन मात्र विसरता आलेले नाही. लातूरच्या वेशीबाहेरच्या एका तबेल्यासाठी आम्ही नियमांचा फळा लिहून दिला होता, आणि तो एकदा नव्हे, दोनदा लिहावा लागला. या दोन मसुद्यांच्या मध्ये काय घडले, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी हे 'आम्ही' कोण, ते सांगितले पाहिजे. आम्ही दोघे नवराबायको. दोघेही मराठीचे प्राध्यापक. एक नांदेडला, एक लातूरला. एम. ए. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातून एकाच वर्गात बसून केले, आणि नोकऱ्या मात्र अशा लागल्या की तेव्हापासून संसार नांदेड-लातूर रस्त्यावर चालू आहे. याच रस्त्यावर लोहा तालुक्यातले माळेगाव लागते. मार्गशीर्षाच्या अखेरीस तिथे खंडोबाची यात्रा भरते आणि घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार उभा राहतो. आमच्यातल्या एकाचे वडील, दुसरीचे सासरे, म्हणजे अण्णा, या यात्रेला कधी चुकले नाहीत. उतारवयात त्यांनी तिथूनच एक तांबूस शिंगरी आणली. कपाळावर चांद असलेली. तिचे नाव त्यांनी मैना ठेवले. अहमदपूर तालुक्यातल्या आमच्या गावी ती अण्णांच्या हाताखाली घोडी झाली. २०१३ साली अण्णा गेले. गावातल्या घराला कुलूप लागले. शेत बटईने दिले. भांडीकुंडी नातेवाइकांत वाटली गेली. मैना उरली. तिला माळेगावला नेऊन विकावी असे सगळ्यांनी सुचवले. आमच्याने ते झाले नाही. त्यात भावनेचा भाग होताच. पण अण्णा आपल्याला ओळखून होते, असे म्हणू शकणारे आता ते एकच जिवंत घर उरले होते, हेही होते.

अशा रीतीने मैना लातूरला आली आणि आम्ही चाचांच्या तबेल्यात दाखल झालो. चाचांची हयात घोड्यांत गेलेली. त्यांच्या वडिलांचा टांगा होता, मग त्यांचा. टांगे बंद झाल्यावर त्यांनी मोकळ्या जागेवर पत्र्याची लांब शेड घातली आणि ठाणे भाड्याने द्यायला सुरुवात केली. आम्ही गेलो तेव्हा मैना धरून नऊ घोडे होते. चार वरातीचे, दोन हौशी बांधकाम ठेकेदाराचे, एक टांग्यातून निवृत्त झालेले, एक शिंगरू. व्यवस्था अशी की चाचांकडून मिळायचे ते छप्पर, ठाण आणि बोअरचे पाणी. बाकी सर्व ज्याचे त्याने करायचे. कडबा आपला, चंदी आपली, खरारा आपला, लीदही आपली आपण उचलायची. इतिहास शिकताना शिलेदार आणि बारगीर यांतला फरक आपण पाठ केलेला असतो : बारगिराचा घोडा सरकारी पागेतला, शिलेदाराचा स्वतःचा. आमच्यातल्या एकीने पहिल्याच दिवशी शेणाने माखलेली पाटी डोक्यावर घेत उद्गार काढले की ही शिलेदारांची पागा आहे. चाचांना हा शब्द फार आवडला. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले.

दिनक्रम बारा महिने एकच. पहाटे पाचला लीद काढून ठाण झाडायचे. आधी पाणी, मग कडब्याची कुट्टी, मग तोबऱ्यात भिजवलेला हरभरा आणि भरडा. घोड्याचे पोट त्याच्या देहाच्या मानाने लहान असते, म्हणून एकदम पुष्कळ घालायचे नाही, थोडे थोडे आणि अनेकदा घालायचे. काम करून आलेल्या घोड्याला दम जिरल्याशिवाय चंदी नाही. खूर रोज कोरून साफ करायचे. दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद येणार, तेव्हा मालकाने स्वतः हजर राहायचे. रोजचे काम लातूरकराकडे. शनिवारी-रविवारी नांदेडकर एस.टी.ने येऊन ते हाती घेणार. अण्णांच्या हयातीत मैनेच्या पाठीवर हात फिरवण्यापलीकडे आमचा संबंध नव्हता. आता तिच्या लीदेचा रंग पाहून तिची प्रकृती सांगण्याइतकी आमची प्रगती झाली.

या तबेल्यात लिहिलेला नियम एकही नव्हता. पण एक नियम सगळ्यांच्या बोलण्यात होता : चंदी ज्याची त्याने घालावी. दुसऱ्याच्या घोड्याच्या तोंडापुढे गवताची काडीसुद्धा धरायची नाही. आम्हांला हा नियम खटकत असे. ज्ञानेश्वरांच्या पसायदानावर तास घेऊन यायचे आणि शेजारच्या ठाणावरचे जनावर आपल्या तोबऱ्याकडे मान लांबवून पाहत असताना पाठ फिरवायची, हे आम्हांला जमत नव्हते. मालकीहक्काची ही जाणीव जनावरांच्या पोटापर्यंत पोचली आहे, असे आम्ही आपसांत म्हणत असू. चांगल्या माणसांनी चुका करण्यापूर्वी जी भाषा वापरावी लागते, ती हीच.

२०१५च्या लग्नसराईतली गोष्ट. आमच्या शेजारच्या ठाणावर एका तरुणाचा पांढरा घोडा असे. त्याचे दोन घोडे. दुसरा घेऊन तो उदगीरला वरातीसाठी गेला होता. शनिवारची संध्याकाळ होती. आम्ही दोघेही तबेल्यात होतो, चाचा नमाजाला गेले होते. पांढऱ्याचा तोबरा खुंटीला रिकामा टांगलेला. गव्हाणीत एक काडी नाही. मैनेला चंदी घालू लागताच तो खिंकाळू लागला, पुढचा पाय जमिनीवर आपटू लागला. सकाळपासून त्याला कोणी काही घातलेले नाही, हे दिसतच होते. मालक वरातीत नाचतोय आणि इथे मुके जनावर उपाशी. आम्ही मैनेच्या वाट्याचा उरलेला हरभरा त्याच्यापुढे ओतला. आमच्यापैकी कोणाच्या हाताने, ते इथे सांगत नाही. 'आम्ही' या सर्वनामाचा एवढा तरी उपयोग व्हावा.

रात्री दहाला चाचांचा फोन आला. पांढरा घोडा पोटाकडे वळून पाहत होता, बसत होता, उठत होता, अंगाला घाम सुटला होता. पोटशूळ. घोड्याला ओकता येत नाही, हे आम्हांला त्या रात्री कळले. माणूस किंवा कुत्रे जे बाहेर टाकून मोकळे होते, ते घोड्याच्या पोटात अडकून राहते. त्याने लोळण घेतली तर आतड्याला पीळ पडण्याचे भय, म्हणून त्याला हळूहळू फिरवत ठेवायचे. आम्ही त्याला फिरवत होतो. शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, परत, पुन्हा. बारानंतर पशुवैद्य आले. त्यांनी इंजेक्शन दिले, नाकातून नळी घालून तेल सोडले, आणि विचारले, "काय खाल्लं यानं?" चाचा म्हणाले, "काहीच नाही. सकाळपासून उपाशी ठेवलाय. तुम्हीच सांगितलं होतं ना."

घोड्याचे पोट आदल्या रात्रीच बिघडले होते. त्याला दिवसभर काही घालायचे नाही, फक्त पाणी द्यायचे, असे सांगून डॉक्टर सकाळी गेले होते. आम्ही ज्याला उपासमार समजलो, ते औषध होते. आम्ही पुढे होऊन सांगितले. आवाज घशाशी अडकत होता, पण सांगितले. कारण नळी लावलेल्या माणसाला पोटात काय आहे हे ठाऊक असणे आवश्यक होते. डॉक्टरांनी "किती?" एवढेच विचारले. आम्ही दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली. मग तिसऱ्या ओंजळीचेही सांगितले.

पहाटे चारच्या सुमारास घोड्याने लीद टाकली. शेडमध्ये जमलेल्या पाचसहा माणसांच्या तोंडून एकदम "आली!" असा शब्द निघाला. अनेक वर्षे साहित्यातल्या आनंदाच्या क्षणांचे विश्लेषण करीत आलो आहोत; तो शब्द त्या सगळ्यांच्या वर ठेवावा असा होता. उजाडताना घोड्याचा मालक उदगीरहून पोचला. अंगात अजून वरातीचा झगमगीत कोट. तो घोड्याच्या गळ्यात हात घालून बराच वेळ उभा राहिला. मग आमच्याकडे न पाहताच म्हणाला, "सर, जनावर मुकं असतंय. तुमी तर बोलते हाव की. एक फोन करायचा व्हता."

औषधाचे पैसे त्याने आमच्याकडून घेतले नाहीत. मात्र पुढे दोन महिने तो आमच्याशी बोलला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी चाचांनी पत्र्याचा एक फळा रंगवून आणला आणि आमच्यापुढे ठेवला. "सर, मॅडम, तुम्ही मराठीचे. कायदे लिहून द्या. म्हणजे पुन्हा कुणाची चूक व्हायला नको." 'कुणाची' म्हणताना त्यांनी नजर जमिनीकडे ठेवली, हा त्यांचा मोठेपणा.

आम्ही पहिला मसुदा लिहिला. नऊ नियम. सगळे विध्यर्थात. चंदी ज्याची त्याने घालावी. दुसऱ्याच्या घोड्यास काही खाऊ घालू नये. ठाण स्वच्छ ठेवावे. शेडमध्ये विडी ओढू नये. मराठीतला विध्यर्थ हा नियमांसाठीच घडवला असावा, असे वाटते. 'घालावी', 'ठेवावे', 'ओढू नये' : वाक्यातून कर्ता वगळता येतो. कोणी सांगितले, कोणाला सांगितले, का सांगितले, काही दिसत नाही. नियम जणू आकाशातून पडल्यासारखा भिंतीवर येऊन बसतो. आम्हांला तो मसुदा नीटनेटका वाटला. त्यात आमची रात्र कुठेच नव्हती, हेही तेव्हा बरे वाटले असावे.

फळा टांगला. त्याच्याखाली बसून लोक विडी ओढू लागले.

त्याच सत्रात ऐतिहासिक गद्याच्या तासाला शिवाजी महाराजांचे एक पत्र होते. चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराच्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना लिहिलेले. आपल्यापैकी अनेकांनी ते शिकवले असेल. रयतेच्या भाजीच्या देठाविषयीचे पत्र म्हणून ते सभांतून सांगितले जाते. पण ते मुळात घोड्यांच्या छावणीचे पत्र आहे. पावसाळ्यासाठी दाणा-वैरण साठवली आहे. आज मन मानेल तशी उधळाल तर भर पावसात ती संपेल, घोडी मरू लागतील, आणि त्या घोड्यांना तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग लोक रयतेच्या घरात शिरतील, आणि रयतेला वाटेल की याहून मोगल बरे. पुढे आगीविषयी सांगितले आहे. कोणी कुठेही चूल पेटवील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, कोणी रात्री दिवा जळता ठेवील आणि उंदीर पेटती वात ओढून नेईल. गवत पेटेल, आणि गवत गेले की घोडी गेली.

हे शिकवत असताना मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, राजाला एवढं लांबलचक लिहायची काय गरज? दिवे विझवावेत, एवढं म्हटलं असतं तरी ऐकलं असतं ना सगळ्यांनी?"

तासाला आम्ही काहीतरी उत्तर दिले. खरे उत्तर घरी येऊन, फोनवर एकमेकांशी बोलताना सापडले. आज्ञा देण्याचा ज्याला पूर्ण अधिकार आहे तो राजा इथे केवळ आज्ञा देत नाही. एका हलगर्जीपणातून दुसरे अनर्थ कसे निपजतात, हे तो एकेक पायरी उतरून दाखवतो. दिवे विझवण्याचा हुकूम हवालदारासमोर पाळला जाईल. हवालदार झोपल्यावर काय? तेव्हा शिपायाच्या मनात उंदीर जागा असला पाहिजे. पत्रातला उंदीर म्हणजे नियमाचे कारण. ते एकदा डोळ्यांपुढे आले की पहारेकऱ्याची गरज उरत नाही. आणि ते हरवले की नियमापुढे दोनच वाटा राहतात. बेफिकीर माणूस तो कंटाळून मोडतो, किंवा दयाळू माणूस तो चांगल्या भावनेने मोडतो. दुसरी वाट आम्ही चालून आलो होतो.

नांदेडकरांना याचे एक उदाहरण रोज डोळ्यांसमोर असते. तख्त सचखंड हजूर साहिब गुरुद्वाराच्या तबेल्यात घोडे आहेत. १७०८ साली नांदेडला गुरू गोविंदसिंगांचे देहावसान झाले. त्यांच्या घोड्याच्या वंशातले म्हणून परंपरेने मानले जाणारे हे घोडे सणांच्या मिरवणुकीत सजवून निघतात, पण त्यांच्यावर कोणी बसत नाही. होळीच्या हल्ला-महल्ल्याची गर्दी आम्ही वर्षानुवर्षे पाहिली आहे. रस्त्याच्या कडेला बापाच्या खांद्यावर बसलेले पोर विचारते, यावर कोण बसलंय? आणि बाप सांगतो. पाठ रिकामी का, याची गोष्ट शहराला माहीत आहे. ती गोष्ट हाच तिथला फळा.

मग आम्ही दुसरा मसुदा लिहायला घेतला. नऊ नियमांचे पाच झाले आणि फळा मात्र भरून गेला, कारण प्रत्येकापुढे 'कारण' हा शब्द आला. शेजारचा घोडा उपाशी दिसला तर मालकाला फोन करावा, कारण त्याचे उपाशी असणे हे औषध असू शकते आणि घोड्याला ओकता येत नाही. शेडमध्ये विडी ओढू नये, कारण कडब्याची गंजी पेटली तर बांधलेले घोडे पळू शकत नाहीत. खाली सगळ्या मालकांचे फोन नंबर. आमच्या इतिहासात यापूर्वी वा यानंतर इतके उपयुक्त गद्य आमच्या हातून उतरलेले नाही.

कारणासह लिहिलेल्या नियमाचा आणखी एक गुण पुढच्याच वर्षी कळला. २०१६चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. मांजरा धरण आटले. मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणी गर्दी करण्यावर जमावबंदीचा आदेश निघाला. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. माणसांच्या घागरींची ही गत असताना घोड्यांचा विचार कोण करणार? चाचांचा बोअर फेब्रुवारीतच गेला होता. एका घोड्याला दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात चाळीसच्या पुढे. नऊ घोड्यांचे साडेतीनशे लिटर धरावे. ठेकेदाराचे घोडे तो आठवड्याला एकदा येऊन पाहायचा. त्याचे टँकरचे पाणी त्याच्या पिंपात कुलूपबंद, आणि टांग्याच्या म्हाताऱ्या घोड्याच्या मालकाला तर टँकर परवडतच नव्हता. 'ज्याचे त्याने' हा नियम अक्षरशः चालवला असता तर दोन ठाणे रिकामी झाली असती.

एका संध्याकाळी सगळे शेडमध्ये बसले. कोणीतरी म्हणाले, नियम म्हणजे नियम, ज्याचं त्यानं बघावं. त्यावर पांढऱ्या घोड्याचा तो तरुण उठून फळ्यापाशी गेला. "ह्यात काय लिव्हलंय? चंदी ज्याची त्यानं घालावी, कारण कुणाच्या पोटात काय हाय, ते मालकालाच ठावं असतंय. बराबर. पण तहान तर समद्या घोड्यांची एकच हाय. ती बघायला मालक कशाला लागतोय?" त्या दिवसापासून पिंपांची कुलुपे निघाली. टँकर ऐपतीप्रमाणे वर्गणी काढून यायचा. सकाळ-संध्याकाळ जो हजर असेल त्याने पहिल्या ठाणापासून शेवटच्यापर्यंत बादली फिरवायची, कोणाचे ठाण ते पाहायचे नाही. नियम मोडला नव्हता. त्याच कारणाच्या पोटातून त्याच्या उलट दिसणारा दुसरा नियम जन्मला होता. जून उजाडेपर्यंत नऊच्या नऊ घोडे उभे होते. आणि आमच्या दृष्टीने तेवढीच मोठी गोष्ट म्हणजे, त्या तरुणाने रांगेत मैनेपुढे बादली ठेवताना मान वळवून विचारले, "हिला मीठ घालता का न्हाई, सर?"

मैना २०१९च्या हिवाळ्यात गेली. वय झाले होते. एका पहाटे ती उठली नाही. खड्डा खणायला सगळे शिलेदार आले. आमचे ठाण आम्ही सोडले नाही. काही महिने रिकाम्या ठाणाचे भाडे देत राहिलो, मग चाचांनीच घ्यायचे थांबवले. तरीही लातूरला असलो की रविवारी एखादी चक्कर होते.

मागच्या पावसाळ्यात असेच गेलो होतो. फळ्याचा रंग उडाला आहे, अक्षरे लागत नाहीत. पुन्हा लिहून देऊ का, असे चाचांना विचारावे म्हणून आत शिरलो, तर एक नवा मुलगा पहिल्यांदाच घोडी घेऊन आलेला दिसला. त्याला शेड दाखवणारा पोरगा आम्हांला ओळखत नव्हता. तो सांगत होता, "दुसऱ्याच्या घोड्याला काय बी घालायचं न्हाई बरं का. हितं एक मास्तर हुते. लई दयाळू. एकदा त्यांनी दया येऊन हरभरा टाकला अन् घोडं रातभर लोळलं. मरता मरता वाचलं."

नव्या मुलाने मान डोलावली. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होते की हे तो विसरणार नाही.

आम्ही फळ्याचे काही विचारले नाही. चाचांशी हवापाण्याच्या गोष्टी केल्या, चहा घेतला आणि निघालो. त्या पत्रातला वात ओढून नेणारा उंदीर इतकी वर्षे आम्ही वर्गात शिकवत आलो. आता त्याच्या जागी आपण उभे आहोत हे कळल्यावर वाईट वाटायला हवे होते. तसे ते वाटले नाही.